आधी पेट्रोल, मग हवा: सुपरचार्जरच्या इतिहासाची झाकलेली बाजू

दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळला घरी गेलो होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. तिथले भाऊ मला लहानपणापासून ओळखतात आणि मी पीएचडीला लागल्यापासून "डॉक्टर" म्हणून हाक मारतात. या वेळी त्यांच्याकडे एक जुनी जिप्सी उभी होती. १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, चार इंजेक्टर, ८० एचपी. मालकाला तिच्यात सुपरचार्जर बसवायचा होता. भाऊंनी विचारलं, "डॉक्टर, हवा तं वाढवून टाकू आपण, पण तेवढं पेट्रोल कोठून येईन?"

मी लगेच कागद काढला. ताकद ८० वरून ११० एचपी करायची, म्हणजे वाढ साधारण ३८ टक्के. मग पेट्रोलही ३८ टक्के जास्त लागेल. सोपं त्रैराशिक! भाऊ काहीच बोलले नाहीत, नुसते हसले. रात्री घरी येऊन नीट वाचलं तेव्हा कळलं की माझं उत्तर चुकलं होतं, आणि ज्या दिशेनं चुकलं त्यात इंजिन जळालं असतं. आजची पोस्ट त्या चुकीबद्दल आहे. कारण ही चूक माझ्या एकट्याची नाही, सुपरचार्जरचा इतिहास आपण ज्या पद्धतीनं वाचतो तिच्यातच ती आहे.

इतिहासात दिसते ती हवा

सुपरचार्जरची नेहमीची गोष्ट अशी सांगतात. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये दोन फिरत्या पात्यांच्या ब्लोअरचं पेटंट घेतलं. तो आधी भट्ट्यांना हवा पुरवायला वापरात आला. १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर यांनी इंजिनात जास्त हवा कोंबण्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. १९२१ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजनं सुपरचार्जरवाल्या गाड्या मांडल्या. १९२३ मध्ये मोन्झाला फियाटनं ग्रां प्री जिंकली, सुपरचार्जरवाल्या गाडीचा हा पहिला ग्रां प्री विजय.

या गोष्टीत सगळीकडे हवाच आहे. पेट्रोल कुठंय?

मर्सिडीजच्या त्या छोट्या गाडीचं नाव होतं ६/२५/४०. पहिला आकडा करासाठीच्या अश्वशक्तीचा, दुसरा सुपरचार्जरशिवायच्या ताकदीचा, तिसरा सुपरचार्जरसह. ड्रायव्हरनं अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की क्लच लागून ब्लोअर फिरायचा आणि हवा कार्ब्युरेटरमध्ये ढकलायचा. इथंच खरी अडचण सुरू होते. कार्ब्युरेटरच्या जेटमधून पेट्रोल बाहेर येतं ते दाबाच्या फरकामुळे. जेटच्या तोंडाशी दाब कमी आणि फ्लोटच्या वाटीत जास्त असतो, म्हणून पेट्रोल वर चढतं. आता वरून ब्लोअरनं दाब आणला आणि वाटी मात्र बाहेरच्या हवेला उघडी राहिली, तर पेट्रोल येणारच नाही, उलट मागं ढकललं जाईल. म्हणजे वाटीलाही तोच दाब द्यायचा, आणि त्या दाबाच्या वाटीत पेट्रोल पोचवायचं तर टाकीकडून येणारा दाब त्याहून जास्त हवा. हवा वाढवण्याआधी पेट्रोलची अख्खी वाट बदलावी लागली.

१९२४ मध्ये सनबीमच्या रेसिंग गाडीत क्रम उलटा केला गेला. आधी कार्ब्युरेटर, मग सुपरचार्जर. आता ब्लोअर नुसती हवा न ओढता हवा-पेट्रोलचं मिश्रण ओढायचा. दाबाची भानगड मिटली. शिवाय पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, त्यामुळे मिश्रण थंड व्हायचं. हा फायदा नीट लक्षात ठेवा. पेट्रोल इथं जळण आहेच, पण ते थंडावाही देतं.

एक चकती आणि एक संशोधिका

१९४० साली ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांतलं रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन सुपरचार्जरवालं होतं. त्याचा बूस्ट दर चौरस इंचाला ६¼ पौंडांवरून १२ पौंडांवर नेता आला, ताकद १,००० एचपीच्या आसपास होती ती १,३०० च्या वर गेली. सुपरचार्जर मात्र तोच होता. बदललं होतं इंधन. १०० ऑक्टेनचं पेट्रोल आलं आणि ते जास्त दाबाखाली अवेळी भडकत नव्हतं.

तरी एक दोष उरला. विमानानं एकदम नाक खाली केलं की कार्ब्युरेटरचा फ्लोट गोंधळायचा आणि इंजिन गचके खायचं. जर्मन विमानांत थेट इंधन-इंजेक्शन होतं, त्यांना हा त्रास नव्हता. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये बिॲट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये तात्पुरता उपाय दिला: पेट्रोलच्या वाटेत भोक पाडलेली एक छोटी चकती. भोक एवढंच, की पूर्ण ताकदीला लागतं तेवढं पेट्रोल जाईल आणि त्याहून जास्तीचा लोंढा थांबेल.

शिलिंगबाई मँचेस्टर विद्यापीठातून शिकलेल्या, आणि आपली नॉर्टन मोटरसायकल स्वतः सुधारून ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी १०० मैलांच्या वर पळवणाऱ्या. चकती दिसायला क्षुल्लक आहे. पण भोक केवढं पाडायचं हे ठरवायला इंजिनाला नेमकं किती पेट्रोल लागतं ते ठाऊक असावं लागतं. मला कागदावर जे जमलं नाही ते हेच.

आपल्या रुळांवर

हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका. विद्युतीकरणाआधी वणीच्या रुळांवरूनही डिझेल इंजिनं जायची. भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ हे २,६०० एचपीचं इंजिन १९६२ मध्ये अमेरिकेतून आलं, १९६४ पासून वाराणसीला बनू लागलं. त्याला टर्बो-सुपरचार्जर होता. पुढे त्याच घराण्यातलं डब्ल्यूडीएम-३ए ३,१०० एचपीचं झालं. नवा टर्बो आला, मोठा आफ्टरकूलर आला. आणि सोबत इंधन पंपाचा प्लंजर १५ मिमीवरून १७ मिमी झाला.

दोन मिलिमीटर म्हणजे किती? क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १७ भागिले १५, त्याचा वर्ग: सुमारे १.२८. ताकद १९ टक्के वाढली, पण पंपाची एका फटक्यात इंधन ढकलायची क्षमता २८ टक्के. याचा अर्थ २८ टक्के जास्त डिझेल जाळलं असा नाही. लागतं तेवढं डिझेल कमी वेळात आत गेलं पाहिजे, त्यासाठी ही जागा ठेवली. सरासरी गरज आणि ऐन क्षणाची गरज वेगळी असते.

आता जिप्सीकडे

साध्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण ताकदीवर दर एचपीमागे तासाला साधारण २२५ ग्रॅम पेट्रोल धरतात, सुपरचार्जरवाल्याला २७०. कारण सुपरचार्जर फिरवायलाच ताकद खर्च होते आणि दाबाखालचं मिश्रण थंड ठेवायला जरा जास्त पेट्रोल द्यावं लागतं. सनबीमवाला थंडावा तो हाच. आता गुणाकार करा:

- आधी: ८० × २२५ = तासाला १८ किलो.
- नंतर: ११० × २७० = तासाला २९.७ किलो.

ताकद ३८ टक्के वाढली, पेट्रोल ६५ टक्के! इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही असं धरलं, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला १२६ घन सेंमीऐवजी २०८ घन सेंमीचा लागतो.

वर आणखी एक फास आहे, तो १९२१ च्या मर्सिडीजचाच. इंजेक्टरमागे ३ बार दाब आहे आणि मॅनिफोल्डमध्ये ०.५ बार बूस्ट आला. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली नसेल तर फरक उरतो २.५ बार, आणि पेट्रोल सुमारे ९ टक्के कमी पडतं, तेही नेमकं जास्त हवं असताना. नळी जोडली तर दाब ३.५ बार होतो, आणि तेवढ्या दाबावर टाकीतला जुना फ्युएल पंप कमी पेट्रोल देतो. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण तापतं, नॉकिंग सुरू होतं, पिस्टनला भोक पडतं. गावात फिरताना काही कळत नाही. घाटात पूर्ण जोर लावला की कळतं.

म्हणून क्रम असा: फिल्टर आणि पंप, मग रेग्युलेटर, इंजेक्टर, त्यानुसार ईसीयूचं सेटिंग, मिश्रण दाखवणारा मीटर, आणि शेवटी ब्लोअर. घरी काम करणार असाल तर पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. उघड्यावर काम करा, बॅटरी सोडा. आणि कायदाही पाहा: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंना नवा कागद दाखवला. त्यांनी ६५ वर बोट ठेवलं. "हेच तं म्हणत होतो. काल तू सरळ गुणून राहिला होता."

संशोधनाला निघालेल्या मित्रांनो, कुठल्याही यंत्राचा इतिहास वाचताना बदल दाखवणारा भाग कोणता हे तर बघाच. पण तो बदल पेलायला आणखी काय काय बदलावं लागलं, तेही शोधा. ते बहुतेक वेळा प्रदर्शनात नसतं. प्लंजरच्या मापात, चकतीच्या भोकात किंवा एखाद्या नळीच्या जोडणीत सापडतं.

जिप्सीला अजून सुपरचार्जर लागलेला नाही. मालकानं आधी पंप मागवलाय.