कलनशास्त्राविना कमाल-किमान : मास्टर रामचंद्र यांचा ग्रंथ

दिल्ली कॉलेजच्या प्राच्य विभागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य गणित उर्दूतून शिकवले जाई. तेथील अध्यापक मास्टर रामचंद्र (१८२१-१८८०) यांनी १८५० साली कलकत्त्यास स्वखर्चाने एक इंग्रजी ग्रंथ छापला. कमाल व किमान मूल्यांची उदाहरणे त्यात कलनशास्त्राचा आधार न घेता केवळ बीजगणिताने सोडवली होती.

समजा, १० चे दोन भाग करून त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त करावयाचा आहे. एक भाग क्ष व गुणाकार य मानल्यास क्ष = ५ ± √(२५ − य). क्ष वास्तव असावयाचा, तर य २५ हून मोठा असू शकत नाही.

कलकत्त्यात ग्रंथावर प्रतिकूल टीका झाली. केवळ उत्तर काढणे हाच हेतू मानला, तर विकलनाची रीत सोपी हे खरेच. पण येथे कमाल मूल्य कशामुळे येते, हे बीजगणित शिकलेल्या विद्यार्थ्यालाही दिसते. लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांना त्यात भारतीय बीजगणित-परंपरेचे पुनरुज्जीवन दिसले. त्यांच्या प्रस्तावनेसह १८५९ साली ग्रंथ लंडनमध्ये पुन्हा निघाला. रामचंद्रांचे विद्यार्थी मौलवी झकाउल्ला (१८३२-१९१०) यांनी पुढे उर्दूत गणिताची अनेक पाठ्यपुस्तके लिहिली. गुरूच्या अध्यापनाविषयी याहून बोलका अभिप्राय कोणता असणार?