गार हातपाय म्हणजे उतरलेलं बीपी नव्हे

लाल विंचू चावलेलं लेकरू घामाने चिंब, हातपाय गार अशा अवस्थेत दवाखान्यात आलं की नांदेड-लातूरकडे अजूनही आक्षेप ऐकू येतो: आधीच गार पडलेल्याला बीपी उतरवणारी प्राझोसिनची गोळी द्यायची कशी? मग ॲट्रोपिन आणि स्टेरॉईड टोचलं जातं. आक्षेपामागची काळजी खरी आहे, निदान चुकीचं आहे.

हे विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. सिंपथेटिक संस्था खवळते, नॉरॲड्रिनॅलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात. हातपाय गार पडतात ते त्यामुळे. नाडी बारीक लागते, पण सुरुवातीला बीपी मोजलं तर ते बहुधा चढलेलंच निघतं. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलून हृदय थकलं की फुप्फुसांत पाणी भरतं. प्राझोसिन अल्फा-१ ग्राहक अडवून नेमकी ही आवळण सोडवतं. ॲट्रोपिनने धावतं हृदय आणखी धावतं.

मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला प्राझोसिनचा हा उपयोग पेशंटच्या उशाशी बसून सिद्ध केला. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी तो मांडला. पूर्वी गंभीर दंशात शंभरातले तीसेक दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०११च्या त्यांच्या चाचणीत प्रतिविषासोबत प्राझोसिन दिलेले पेशंट नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर सावरले. म्हणजे प्रतिविष आलं म्हणून गोळी बाद होत नाही.

आता भीतीचा खरा भाग. पहिल्या मात्रेनंतर उठवून बसवलं तर बीपी धाडकन उतरू शकतं, उलट्या-घामाने अंगातलं पाणी गेलेलं असेल तर जास्तच. उशिरा आलेल्याचं बीपी मुळातच उतरलेलं असू शकतं. म्हणून गोळीआधी बीपी मोजायचं, पाणी भरून काढायचं, लेकराला आडवंच ठेवायचं, आईला कडेवर घेऊ द्यायचं नाही. मात्रा किलोला ३० मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या मुलाला ३००. एक मिलिग्रॅमची साधी गोळी कुटून दहा मिली पाण्यात हलवायची आणि लगेच तीन मिली ओढायची. हळूहळू औषध सोडणारी गोळी इथे चालत नाही. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाला नाडी, बीपी आणि श्वास. ही सगळी कामं सिस्टरच्या हातची आहेत. म्हणून अल्फा-बीटा ग्राहकांचा धडा तिने परीक्षेपुरता शिकून भागत नाही.

कंधार किंवा निलंग्याहून मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असेल, तर बीपी उतरलेलं नसताना पहिली मात्रा निघण्याआधीच द्यावी आणि तिची वेळ रेफरल चिठ्ठीवर ठळक लिहावी.