एक आणि नऊ

माझे अक्षर वाईट आहे. शाळेत मास्तर माझी वही हातभर लांब धरून म्हणायचे, "हा पुढे डॉक्टर होणार!" पण डॉक्टर व्हायला नुसते अक्षर पुरत नाही. म्हणून मी बी.कॉम. झालो आणि मुरबाडला बँकेत कारकून म्हणून चिकटलो. वीस वर्षे लोकांनी माझे अक्षर निमूटपणे सोसले. मग घरात संगणक आला आणि त्यात अक्षरांचे पन्नास नमुने निघाले. जन्मभर धोतर नेसलेल्या माणसाला सुटांचे दुकान मोकळे सापडावे, तसे माझे झाले.

अशातच वैशाखऱ्याच्या मंडळाची पोरे आली. म्हणाली, "साहेब, गावात मोफत नेत्रतपासणी हाय. ज्याला मोतीबिंदू निघंल त्याला लगेच गाडीनं घेऊन जाणार. तेवढा कागद छापून द्या, पण जरा झकास."

'झकास' या शब्दाने घात केला. मी पन्नासांतला सर्वांत वळणदार नमुना निवडला. वेलांट्या द्राक्षाच्या वेलासारख्या, उकार नागाच्या शेपटीसारखे. कागद देवळाच्या भिंतीवर लागला. सगळ्यांनी वाखाणला. वाचला कोणीच नाही, हे नंतर कळले.

गाडी ११ तारखेला आली आणि गेली. १९ तारखेला सकाळी सात वाजल्यापासून एक आजी बोचके घेऊन थांब्यावर बसून होती. दुपारी कोणीतरी तिला सांगितले, की गाडी जाऊन आठ दिवस झाले. ती माझ्यावर रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "माझंच चुकलं बाबा. डोळंच धड न्हाईत. मला पुढला एक, मागला नऊ दिसला."

मी जाऊन कागद पाहिला. माझे डोळे धड आहेत. मलाही नऊच दिसला. त्या नमुन्यातल्या एकाच्या शेपटीला असा काही झोक होता, की तो नवाचा सख्खा भाऊ वाटावा. डोळे तपासून घ्या, हे सांगणारा कागद ज्याचे डोळे चांगले त्यालाच वाचता येत होता, आणि त्यालाही चुकीचा!

पुढची गाडी तीन महिन्यांनी येणार होती. तोवर आजी भाकरी अंदाजाने थापणार आणि चूल चाचपडत पेटवणार.

अपराधी माणूस वाचायला बसला की थेट इतिहासापर्यंत जातो. माझा इतिहास तर हाकेच्या अंतरावर होता. वैशाखरे नाणेघाटाच्या पायथ्याला आहे. घाट चढून वर गेले की सातवाहनांचे लेणे लागते. त्यात नागनिका राणीचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. राजाने कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली, याचा तो चोख हिशेब आहे. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण दिल्याची नोंद आहे. मला तर ते लेणे म्हणजे आमच्या बँकेचे सर्वांत जुने खतावणी पुस्तक वाटले. आणि गंमत बघा, त्या आकड्यांत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. नवाचे रूप साफ वेगळे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोडा घेऊन बसलेल्या कारागिराला जे साधले, ते पायथ्याशी संगणक घेऊन बसलेल्या बी.कॉम.ला साधले नाही.

पुढे आमच्या पूर्वजांनी, म्हणजे कारकुनांनी, मोडी चालवली. आधी पानभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता बोरू पळवायचा. लिहिणाऱ्याची सोय पुरी, वाचणाऱ्याचे नशीब! कारकुनी धर्म तेव्हापासून बदललेला नाही.

वाचणाऱ्याची काळजी घेतली ती छापखानेवाल्यांनी. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला नागरी खिळ्यांत छापले गेले. पण आपल्या मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले, आणि पुढे स्वतः खटपट करून खिळे पाडले. छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत. तेव्हा त्यांनी शाईत तूप घातले, असे सांगतात. गिऱ्हाईकाला काय खुपते ते ओळखून त्यावर तूप ओतणारा हा पहिला मराठी मुद्रक.

दुसरे जावजी दादाजी. जन्म १८३९चा. गरिबीमुळे लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले. खिळे घासता घासता अक्षर कुठे झिजते आणि कुठे अडते, हे त्यांच्या बोटांना कळले असणार. त्यांनी १८६४ साली राणोजी रावजी आरू या मित्राच्या मदतीने स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. आरूंनी कोरलेल्या ठशांवरून ओतलेले खिळे देशभर गेले. संस्कृत पोथी वाचावी तर निर्णयसागरचीच, असा लौकिक झाला. या दोघांची नावे पंचांगाशी जोडलेली आहेत, हा मला योगायोग वाटत नाही. पंचांगात एकाचा नऊ झाला तर लग्ने मोडतात!

संगणक आला तेव्हा प्रथम सगळा पोरखेळ होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे बसवलेली असत. आपल्या घरचे निमंत्रण दुसऱ्याच्या घरी उघडले की त्यात नुसती चिन्हांची भेळ. पुढे युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. त्या व्यवस्थेसाठी 'मंगल' नावाचा टाइप र. कृ. जोशी या कवी-सुलेखनकाराने रेखला, आणि तो विंडोज २०००बरोबर घरोघर गेला. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे नकोत, मराठी वळणाचे हवेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २००९ साली काढला. दोन अक्षरांसाठी शासननिर्णय ऐकून मी पूर्वी हसलो असतो. एका आकड्यासाठी तीन महिने गेलेली आजी पाहिल्यावर हसू आले नाही.

इतके वाचल्यावर मी पाच कागद काढले, पाच वेगळ्या टाइपांचे, आणि आजीच्या ओसरीवर गेलो. प्रत्येकावर मुद्दाम सगळे अडचणीचे घातले होते: १ आणि ९, घ आणि ध, भ आणि म. शिवाय 'खाना' हा शब्द, जो खराब टाइपात 'रवाना' होतो. पहिल्या चार कागदांवर आजी कुठे ना कुठे अडखळली. पाचवा मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींनी केलेला 'मुक्त'. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, अक्षराचे पोट मोकळे, नखरा शून्य. तो मी मोठ्या आकारात छापला होता. ओळींत अंतरही भरपूर सोडले होते, कारण आपल्या अक्षरांना डोक्यावर मात्रा आणि पायात उकार असतात. दाटीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आजीने कागद नाकाशी नेला, मागे नेला आणि बोट ठेवून सगळे वाचले. मी पाहिले तर तो पन्नासांतला सर्वांत साधा नमुना होता. त्याच्यावरून मी पहिल्या दिवशी पुढे गेलो होतो.

तीन महिन्यांनी त्याच टाइपात कागद लागला. मी पहाटेच देवळापाशी जाऊन उभा राहिलो. आजी आली. बोट ठेवून तिने सबंध कागद वाचला.

"कळली का तारीख, आजी?"

"कळली की. वेळ बी कळली," आजी म्हणाली. "पर साहेब, गाडी कुठनं सुटनार, ते लिवायचं ऱ्हायलं तुमचं."

खिशातून पेन काढले आणि माझ्या वाईट अक्षरात, शक्य तितक्या सावकाश, खाली लिहिले: देवळापासून.

आजीने तेही वाचले.