लाल रवि

चाळीस वर्षं मी कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या बोळात घड्याळं दुरुस्त करतो आहे. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी सासऱ्यांनी लग्नात दिलेलं एचएमटी कांचन आणलं. आधी कुणीतरी ते उघडून तुटलेल्या वाराच्या चकतीच्या जागी नुसत्या इंग्रजी अक्षरांची चकती बसवली होती. घड्याळ बिनचूक चालत होतं. तरी ते म्हणाले, “माझा रवि कुठं गेला ओ?”

मला ते पटलं. आमचं गाव वारावर चालतं. रविवारी जोतिबा, शुक्रवारी अंबाबाई, सोमवारी पेठ वडगावचा बाजार. १९०६ साली सुरुवात झालेल्या शाहू मिलचा भोंगा वेळ सांगायचा. वार ज्यानं त्यानं ध्यानात ठेवायचा.

खिडकीत वाराचं पूर्ण नाव दाखवणारं पहिलं मनगटी घड्याळ रोलेक्सनं १९५६ साली आणलं. ते आमच्या गिऱ्हाइकांच्या आवाक्यातलं नव्हतं. एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ साली बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला, आणि पुढं कांचनच्या खिडकीत वार देवनागरीत आला. चकतीवर चौदा शब्द, एकाआड एक: सात देवनागरी, सात इंग्रजी. दर रात्री ती दोन घरं पुढं सरकते. मंगळवार मात्र हिंदी वळणाचा, ‘मंगल’.

त्यातला रवि लाल. त्या रंगामागं माणसांचे कष्ट आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. चकती हाती घेतली की मला ते आठवतात.

जानेवारी २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय घेतला. आता जुन्या, बंद मशीनमधूनच चकती मिळवावी लागते. तशी एक माझ्या डबीत होती. काटे आणि डायल काढली. मधली इवलीशी कडी सुटताना उडते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून ती काढली. नवी चकती ठेवली, दात अडवणारी स्प्रिंग नीट खाचेत बसली का ते पाहिलं आणि कडी परत दाबली. मग चावी फिरवत तारीख उलटेपर्यंत आलो. ती उलटली त्या क्षणाला दोन्ही काटे बारावर बसवले. शब्द खिडकीच्या मधोमध आला. रात्री नऊ ते पहाटे चार वार हातानं बदलू नका, असं त्यांना बजावलं. त्या वेळी आतले दात एकमेकांत गुंतलेले असतात.

तुमच्या कपाटात बंद पडलेलं कांचन असेल, तर भंगारात घालू नका. जवळच्या घड्याळजीला द्या. त्याची चकती दुसऱ्या कुणाचा तरी रविवार परत आणील.