जरीपटक्यातला जांभळा गुलाब

जरीपटका म्हणजे मराठ्यांचं निशाण. याच नावाची आमची वस्ती मात्र ओळखली जाते ती फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांमुळे. शेजारच्या सिंधी काकूंनीच मला ‘ब्लू मून’ गुलाबाचं कलम दिलं. नाव निळं, फूल फिकट जांभळं, वास लिंबाकडे झुकणारा. जर्मनीच्या टांटाऊंनी ही जात १९६४ साली आणली; अमेरिकेतल्या ग्लॅडिस फिशर यांचा ‘स्टर्लिंग सिल्व्हर’ त्याआधीचा, १९५७चा. निळाई देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबात मुळात नसतंच, म्हणून सगळी धाव जांभळ्यापाशी अडते.

माझं पहिलं कलम काळ्या मातीत पाणी साचून मेलं. दुसरं वाफा उंच करून लावलं. ऑक्टोबरात छाटलं की थंडीत रंग छान उतरतो. मार्चच्या उन्हात तीच पाकळी दुपारपर्यंत राखाडी. काकू म्हणतात, ‘सकाळीच बघून घे बाई!’