फॉर्ममधली टिक एका फोनवर दिसते, दुसऱ्यावर गायब! चेकबॉक्स आणि रेडिओ बटणांचा घोळ कसा सोडवाल?

रमजान जवळ आला की जकातीचे अर्ज आणि जून उजाडला की फीच्या मदतीचे फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. खारदांड्यासारख्या वस्तीत आता कागदी अर्जाऐवजी फोनवर भरता येणारी पीडीएफ पाठवण्याची पद्धत रुळते आहे. सोय मोठी आहे, पण एक घोळही आहे.

समजा, एखाद्या बहिणीने जकातीच्या अर्जात 'विधवा' या चौकोनात टिक केली. तिच्या फोनवर टिक दिसली. कमिटीच्या लॅपटॉपवर तीच फाइल उघडली तर चौकोन रिकामा, नाहीतर त्यात इंग्रजी ४चा आकडा! समोर अर्जांचा ढीग असला की असा अर्ज 'माहिती अपुरी' म्हणून बाजूला पडतो. बहिणीने सगळं बरोबर भरलेलं असतं, दोष फाइलच्या बांधणीत असतो. म्हणून फॉर्म बनवणारे, भरणारे आणि तपासणारे अशा तिघांसाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

चेकबॉक्स कुठे, रेडिओ बटण कुठे?

चेकबॉक्स म्हणजे चौकोन. त्यात एकापेक्षा जास्त पर्याय निवडता येतात. उदाहरणार्थ, सोबत जोडलेली कागदपत्रं: आधार, रेशन कार्ड, मार्कशीट.

रेडिओ बटण म्हणजे गोल. त्यात एकच पर्याय निवडता येतो. जुन्या रेडिओवर एक बटण दाबलं की आधीचं वर यायचं, त्यावरून हे नाव पडलं. मतदार यादीचा फॉर्म ८ घ्या. पत्ता बदल, नोंदीतली दुरुस्ती, बदली ओळखपत्र आणि दिव्यांग नोंद असे चार पर्याय त्यात आहेत आणि त्यातला एकच निवडायचा असतो. असा प्रश्न पीडीएफमध्ये बनवायचा तर तिथे गोल बटणंच हवीत. चौकोन दिले तर माणूस दोन ठिकाणी टिक करतो आणि अर्ज अडकतो.

एकच फाइल वेगवेगळी का दिसते?

पीडीएफमध्ये भरता येणारे फॉर्म १९९६पासून आहेत. २००८मध्ये पीडीएफ हे आंतरराष्ट्रीय मानक झालं, तरी प्रत्येक अ‍ॅप फॉर्म आपापल्या पद्धतीने दाखवतं. कारणं मुख्यतः चार.

१. उत्तर वेगळं, चित्र वेगळं. फाइलमध्ये 'हा चौकोन निवडला आहे' ही नोंद एका जागी असते आणि टिकचं चित्र दुसऱ्या जागी. काही अ‍ॅप नोंद बदलतात, पण चित्र बदलत नाहीत. मग एका ठिकाणी टिक दिसते, दुसरीकडे नाही.

२. फॉन्टची गडबड. टिक, क्रॉस, गोल, चौकोन, हिरा आणि तारा या खुणा 'झॅप्फ डिंगबॅट्स' नावाच्या फॉन्टमधून येतात. त्यात टिक म्हणजे इंग्रजी ४चा आकडा, क्रॉस म्हणजे ८ आणि भरलेला गोल म्हणजे लहान एल अक्षर. हा फॉन्ट नीट लागू झाला नाही की खुणेऐवजी तो आकडा किंवा अक्षरच छापून येतं. ते पाहून अर्जदाराने '४' लिहिलं असं समजू नका.

३. चित्र नव्याने काढण्याची सूचना. काही फाइलींमध्ये चित्र न ठेवता 'उघडणाऱ्या अ‍ॅपनेच काढून घ्यावं' अशी सूचना असते. कुठलं अ‍ॅप ती पाळतं, कुठलं पाळत नाही. २०१७च्या पीडीएफ २.० मानकाने ही पद्धत मागे टाकली आहे, पण तशा फाइली अजून फिरतात.

४. कॉपी-पेस्ट. जुन्या फॉर्ममधून चार बटणं, नव्यातून दोन. मग एकाची चौकट जाड, दुसऱ्याची बारीक. एकात टिक, दुसऱ्यात क्रॉस.

फॉर्म बनवणाऱ्यांनी काय करावं?

● चौकोनासाठी टिक आणि गोलासाठी भरलेला ठिपका, हा एकच नियम अख्ख्या फॉर्मभर पाळा. क्रॉस शक्यतो टाळा. आपल्याकडे फुली म्हणजे 'नाही' असा अर्थ घेतला जातो.

● अ‍ॅक्रोबॅटमध्ये काम करत असाल तर एक बटण मनासारखं बनवा आणि त्याची सेटिंग पुढच्या बटणांसाठी कायम करून ठेवा. आधीची बटणं असतील तर फक्त चौकोन एकत्र निवडून आकार, चौकट, रंग आणि खूण एकसारखी करा. मग गोलांसाठी तेच करा. दोन्ही एकदम निवडले तर काही पर्याय मिळत नाहीत.

● एका प्रश्नाच्या सगळ्या गोलांना एकच नाव, पण प्रत्येकाचं उत्तर वेगळं ठेवा. दोन प्रश्नांना चुकून एकच नाव दिलं तर 'वैवाहिक स्थिती' निवडताच 'घर भाड्याचं की स्वतःचं' यातली खूण उडते. आणि उत्तरही सारखंच ठेवलं तर दोन गोल एकदम भरलेले दिसू शकतात.

● आतल्या उत्तरांची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. फॉर्मवर दिसणारा मजकूर खुशाल मराठीत किंवा उर्दूत ठेवा.

● विकत सॉफ्टवेअर नसेल तर लिब्रेऑफिस फुकट मिळतं. त्यात पीडीएफ बनवताना 'पीडीएफ फॉर्म' हा पर्याय चालू ठेवावा लागतो. वर्डमधून थेट पीडीएफ केली तर चौकोन दिसतात, पण त्यात टिक होत नाही.

● फॉर्म पाठवण्याआधी तीन ठिकाणी भरून पाहा: अ‍ॅक्रोबॅट रीडर, क्रोम आणि एखादा साधा अँड्रॉइड फोन. भरा, सेव्ह करा, दुसऱ्या ठिकाणी उघडा आणि एक प्रिंटही काढा. रीडरमध्ये रकान्यांवर दिसणारा फिकट निळा रंग फक्त स्क्रीनपुरता असतो, प्रिंटमध्ये येत नाही. त्यामुळे चौकट दिली नसेल तर कागदावर चौकोनच गायब होतो.

● सगळ्यात महत्त्वाचं: हक्क ठरवणारा पर्याय फक्त टिकवर सोडू नका. विधवा, अनाथ, कर्जबाजारी अशा पर्यायांखाली 'निवडलेला पर्याय शब्दांत लिहा' अशी एक ओळ द्या. पर्यायांना क्रमांक दिले तर आणखी बरं.

भरणाऱ्यांनी काय करावं?

व्हॉट्सअ‍ॅपच्या झलकेवर विसंबू नका. फाइल आधी फोनमध्ये सेव्ह करा आणि अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून भरा. ते फुकट मिळतं. भरून झाल्यावर प्रिंटमध्ये जाऊन 'पीडीएफ म्हणून सेव्ह' करा. यामुळे टिक पानावर पक्की बसते आणि समोरच्याकडे सहसा तशीच दिसते. मात्र नंतर त्यात बदल करता येत नाही, म्हणून मूळ फाइलही जपून ठेवा. फॉर्मवर डिजिटल सही असेल तर असं करू नका, सहीची पडताळणी निघून जाते.

पाठवण्याआधी नवी फाइल उघडून प्रत्येक टिक नजरेखालून घाला. झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली तर तिथेच उभं राहून तपासा. टिक आली नसेल तर पेनाने करा.

महाडीबीटीसारख्या पोर्टलवरचे फॉर्म पीडीएफ नसतात. तिथे चौकोन-गोल ब्राउझर दाखवतो, म्हणून क्रोम आणि सफारीत ते थोडे वेगळे दिसतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शेवटी येणारी पावती किंवा अर्जाची प्रत उघडून निवडलेले पर्याय तेवढे पाहून घ्या.

तपासणाऱ्या कमिटीने काय करावं?

रिकामा चौकोन दिसला म्हणून अर्ज लगेच बाद करू नका. फाइल अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून पाहा. तरी रिकामा असेल तर अर्जदाराला एक फोन करा. एकाच फॉर्ममध्ये अनेकांचा तोच चौकोन रिकामा येत असेल तर फॉर्मच सदोष आहे असं समजून सगळे अर्ज पुन्हा तपासा.

जकात किंवा फीची मदत मागायला येणारा माणूस आधीच संकोचात असतो. कुणी न विचारता अर्ज बाजूला पडला, तर तो दुसऱ्यांदा सहसा येत नाही. फॉर्म नीट बनवायला एक संध्याकाळ लागते आणि शंका फेडायला एक फोन. जमातीच्या कार्यालयाने एवढं तरी करायला हवं.