गाडीत की गाडीवर? चालत्या वाहनातल्या टीव्हीचा छोटा इतिहास

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं. ते आधी वाचा.

"निवेदक क्र. ४ यांच्या आठवणीनुसार १९८७-८८ मध्ये चालत्या बसमध्ये 'रामायण' मालिका पाहिली जात असे. परंतु तांत्रिकदृष्ट्या हे जवळपास अशक्य असल्याने सदर स्मृती विश्वसनीय मानता येत नाही."

वाक्य भारदस्त आहे. सेमिनारमध्ये मी ते वाचून दाखवलं तेव्हा दोघातिघांनी माना डोलावल्या. त्यातलं भौतिकशास्त्रही बरोबर आहे, तरी वाक्य चुकीचं आहे. ते कसं चुकलं हे आज सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण पेट देऊन मुलाखतींवर आधारित विषय घ्यायच्या विचारात आहेत.

विषय कुठून आला

माझी एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्समधली. पीएचडीला मी तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले. विषय आहे घराबाहेरचा टीव्ही: हॉटेलातला, एसटी स्टँडवरचा, आणि वाहनातला. नातेवाईक हसतात. पण मी देहूरोडला वाढले. आमच्या दारावरून जुना मुंबई-पुणे हायवे जातो, पलीकडे रेल्वे लाईन, आणि किवळ्याला एक्स्प्रेसवे संपतो. लहानपणापासून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघणं हाच आमचा उद्योग. रात्री लक्झरी बस गेली की काचेतून निळसर उजेड दिसायचा. आत पिक्चर चालू असायचा.

आता या विषयाला नवं निमित्तही मिळालंय. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन फिरायचं, म्हणजे मोटरहोम. अशा गाडीचा विचार करणारी माणसं हमखास विचारतात, "आत टीव्ही कसा लावायचा?" याचं उत्तर द्यायला इतिहास कामाला येतो, कारण आज जे पर्याय आहेत ते जवळपास सगळे या रस्त्यावर कधी ना कधी वापरून झालेत.

चित्र येतं कुठून?

वाहनात टीव्हीवर चित्र येण्याच्या मुळात दोनच तऱ्हा. एक, चित्र आपल्यासोबत न्यायचं: कॅसेट, सीडी, पेनड्राइव्ह. दोन, ते हवेतून घ्यायचं: जमिनीवरच्या टॉवरवरून, उपग्रहावरून किंवा मोबाईलच्या नेटवर्कवरून. पहिल्या प्रकारात गाडी कुठे आहे याला महत्त्व नाही. दुसऱ्यात सगळं त्यावरच अवलंबून आहे. कुठलाही जुना किस्सा ऐकला की मी आधी हा प्रश्न विचारते: हे चित्र सोबत होतं की हवेतलं?

आपल्याकडचं हवेतलं चित्र तसं उशिरा आलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यासाठी सहक्षेपण सुरू झालं. ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण आलं, आणि १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यावर दिल्लीचा कार्यक्रम देशभरच्या ट्रान्समीटरपर्यंत पोचवणं सोपं झालं. 'रामायण' २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी साडेनऊला लागायचं.

सोबत न्यायचं चित्र म्हणजे व्हीसीआर. आशियाई स्पर्धांच्या सुमारास, १९८२ नंतर, तो आपल्याकडे झपाट्यानं पसरला. व्हिडिओ पार्लर निघाली आणि लांब पल्ल्याच्या खासगी बसवर 'व्हिडिओ कोच' ही पाटी झळकायला लागली. चोरीच्या कॅसेटींचा सुळसुळाट इतका झाला की १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढवावी लागली. कायद्यातली दुरुस्ती हा इतिहासकाराला चांगला पुरावा असतो. जी गोष्ट सर्रास घडत असते तिच्यासाठीच सरकार कलम बदलायचे कष्ट घेतं.

व्हिडिओ कोचचं यंत्र

बसमध्ये व्हीसीआर चालवणं सोपं नव्हतं. मोठ्या बसची बॅटरी २४ व्होल्टची, घरगुती टीव्हीला लागतात २३० व्होल्ट एसी. म्हणजे इन्व्हर्टर आला. व्हीएचएस कॅसेटची फीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटीमीटर सरकते, पण ती वाचणारा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. फितीवरचा तिरपा पट्टा त्या ड्रमला अचूक सापडावा लागतो. खड्डा आला की चित्रावर आडव्या रेघा. त्यात धूळ हेडवर बसायची. म्हणून व्हीसीआर फोमवर ठेवायचा, आणि क्लीनरच्या खिशात हेड पुसायला स्पिरिटची बाटली.

ही माहिती मला निवेदक क्र. ४ यांनी दिली. आमच्या मागच्या आळीत राहतात. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आधी ट्रक, मग बरीच वर्षं खासगी बस चालवली. वय आता चौऱ्याहत्तर.

टीव्ही बसवलेला असायचा ड्रायव्हरच्या डोक्यामागे, प्रवाशांकडे तोंड करून. मी विचारलं, "आप्पा, मग तुम्ही किती पिक्चर पाहिले असतील?"

"पाहिला एक नाही गं पोरी," ते म्हणाले. "ऐकले. शंभर शंभर वेळा ऐकले. मारामारी कुठं, गाणं कुठं, सगळं पाठ. पण हिरॉईनची साडी कुठल्या रंगाची, विचारू नको."

ही ओळ मी तिथल्या तिथे वहीत लाल पेनानं अधोरेखित केली. प्रवाशांच्या करमणुकीच्या इतिहासात ड्रायव्हर कुठे बसतो याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

माझं गणित

मग आलं 'रामायण'. माझ्या वहीत त्यांचं म्हणणं असं होतं: "गाडीत असताना रामायण पाहिलं. कितीतरी रविवार." मला लगेच खटकलं. पिक्चर कॅसेटवर होते, 'रामायण' तर हवेतून यायचं. चालत्या बसमध्ये ते कसं दिसेल? मी गणिताला बसले. तुम्हीही करून बघा, बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं.

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. देहूरोड सरळ रेषेत साधारण ३५ किलोमीटर दूर आणि सातशेएक मीटर खाली. इतक्या उंचीवरून क्षितिज शंभर किलोमीटरच्या आसपास जातं, त्यामुळे मध्ये टेकडी आली नाही तर देहूरोडला छतावर अँटेना लावून चित्र मिळायला हरकत नाही. प्रश्न गाडी चालू असण्याचा आहे.

पहिली अडचण, घरावरची अँटेना एका दिशेला रोखलेली असते. रस्ता वळला की बस वळते आणि अँटेनाही. दुसरी अडचण, सिग्नल थेटही येतो आणि टेकडीवर, इमारतीवर आपटूनही येतो. दोन लाटा कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे मारतात. १८० मेगाहर्ट्झला तरंगलांबी होते १.६७ मीटर. परावर्तित लाट बरोबर समोरून येत असेल, तर दर अर्ध्या तरंगलांबीला, म्हणजे ८३ सेंटीमीटरला, सिग्नल एकदा पडतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागाकार करा: सेकंदाला वीस वेळा. तेव्हाच्या ॲनालॉग टीव्हीवर हे चित्र म्हणजे नुसती थरथर. लोणावळ्याच्या पुढे घाटात तर डोंगरच आडवे.

निष्कर्ष मला स्वच्छ दिसला. आप्पांची आठवण चुकीची. आणि मी ते वरचं वाक्य लिहिलं.

'गाडीवर'

मसुदा पाठवायच्या आधी मुलाखतीचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचं असा माझ्या मार्गदर्शकांचा नियम आहे. मी कंटाळत ऐकायला बसले. पंखा, कुकरची शिट्टी, हायवेचा आवाज. आणि आप्पांचा आवाज: "गाडीवर असताना रामायण पाहिलं."

गाडीत नाही. गाडीवर.

ड्रायव्हर लोकांच्या बोलीत 'गाडीवर असणं' म्हणजे ड्युटीवर असणं. "तो सध्या कोणाच्या गाडीवर आहे?" हे आम्ही देहूरोडला रोज ऐकतो, मीही बोलते. पण लिहून काढताना माझ्या डोक्यात टीव्ही आणि बस होती, म्हणून हातानं 'गाडीत' लिहिलं. आप्पांची आठवण ठीक होती, माझं लिप्यंतर चुकलं होतं.

मी परत गेले. या वेळी 'पाहिलं का' असं विचारलं नाही. विचारलं, "तेव्हा गाडी कुठे उभी असायची?"

"हॉटेलावर," ते सहज म्हणाले. रविवारची सकाळची फेरी. सव्वानऊ वाजले की पॅसेंजरच गलका करायचे, गाडी घ्या बाजूला. रस्त्याकडेच्या हॉटेलाच्या गल्ल्यावर टीव्ही, छपरावर अँटेना. टीव्हीला हार घातलेला. चहा राहायचा तसाच, बाया चपला काढून उभ्या. बसचा सगळा लवाजमा खाली. "मालक ओरडायचा उशीर झाला की. पण मालकाच्या घरीपण तेच चालू!"

मग जरा थांबून म्हणाले, "तेवढंच एक मी डोळ्यांनी पाहिलं बघ. बाकी सगळं कानानं."

याचा अर्थ घरी येताना लक्षात आला. कॅसेटचं चित्र चालत्या गाडीत दिसायचं, म्हणून ते ड्रायव्हर सोडून सगळ्यांना मिळायचं. हवेतलं चित्र गाडी थांबल्याशिवाय दिसत नव्हतं, म्हणून ते ड्रायव्हरलाही मिळालं. ज्या गणितानं मी आप्पांना खोटं पाडायला निघाले होते, तेच गणित त्यांच्या आठवणीचं कारण सांगत होतं.

मसुद्यातलं ते वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं. ते हसले, पण म्हणाले, "म्हणजे पुस्तकात मी खोटारडा ठरलो असतो की." हो, ठरले असते. आणि ते दुरुस्त करायला तिथे आप्पा नसते.

आता मोटरहोमचं

आजच्या पर्यायांकडे याच नजरेनं बघा. कॅसेटच्या जागी पेनड्राइव्ह किंवा आधीच डाउनलोड करून ठेवलेली मालिका. ही पद्धत बोगद्यातही चालते, घाटातही. इन्व्हर्टरचीही गरज उरलेली नाही, १२ व्होल्टवर चालणारे टीव्ही मिळतात.

उपग्रहाचा पर्याय आपल्याकडे घरोघरी आला तो डीटीएचमुळे: २००३ मध्ये डिश टीव्ही, २००४ च्या अखेरीस दूरदर्शनची मोफत सेवा, २००६ मध्ये टाटा स्काय. १९७० च्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या आर्वी केंद्राला उपग्रहाशी बोलायला तीसेक मीटर व्यासाची डिश लागायची, आता घरी ६० सेंटीमीटरची पुरते. पण एवढ्या डिशची शलाका जेमतेम तीन अंश रुंद असते. दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. देहूरोडहून बघितलं तर दिशा साधारण आग्नेय (उत्तरेपासून १३२ अंश), क्षितिजापासून उंची सुमारे ५९ अंश. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असल्यानं ती दिसायला जास्त उभी वाटते, फसू नका. दीड-दोन अंश चुकलं की सिग्नल जातो, म्हणजे रस्त्याच्या पहिल्याच वळणाला. चालत्या गाडीत चालवायची तर आपोआप उपग्रहाचा माग काढणारी डिश हवी, ती महाग. नाहीतर मुक्कामाला थांबा, दक्षिण-पूर्वेला झाड नसेल अशी जागा बघा आणि डिश लावा. म्हणजे आप्पांचंच हॉटेल, फक्त अँटेना आपली.

टॉवरवरून थेट चालत्या ग्राहकापर्यंत डिजिटल प्रक्षेपण पोचवायचा प्रयत्न दूरदर्शननं २०१६ मध्ये १६ शहरांत केला. त्यात मुंबई आणि औरंगाबाद होतं, पुणे नव्हतं. पण त्याच वर्षी स्वस्त ४जी डेटा आला आणि लोकांनी उत्तर खिशातच शोधलं. मोबाईल नेटवर्कमध्ये गाडी एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवली जाते, आणि पुढची काही सेकंदं आधीच साठवलेली असतात. नीट बघितलंत तर स्ट्रीमिंग हे दोन्हींचं मिश्रण आहे: हवेतून घ्यायचं आणि थोडं सोबत ठेवायचं. साठा संपेपर्यंत बोगदा संपला तर चित्र अडकत नाही.

ड्रायव्हरचं मात्र तेव्हा होतं तेच आजही. पडदा त्याच्या नजरेच्या टप्प्यात येता कामा नये. घरातल्या चौघांनी मोटरहोम घेतली तर एकाला आप्पांसारखं कानानं बघावं लागणार.

तुमच्या कामासाठी

मुलाखत घेणार असाल तर तीन गोष्टी करा. विज्ञानाची पार्श्वभूमी असेल तर आकडेमोड जरूर करा, पण तिचं उत्तर 'निवेदक चुकला' असं आलं तर आधी स्वतःचं लिप्यंतर तपासा. त्या धंद्यातले शब्द त्या धंद्याच्या अर्थानंच घ्या. 'गाडीवर', 'लाईनवर', 'खात्यात' यांचे अर्थ शब्दकोशात मिळतीलच असं नाही. आणि शंका आली तर मसुद्यात लिहायच्या आधी माणसाकडे परत जा. आप्पांचं घर माझ्यापासून चार मिनिटांवर होतं, तरी ते वाक्य माझ्या फाईलमध्ये तीन आठवडे पडून होतं.